कोरड्या विहिरीवरचा पोहरा

गेल्या उपवासकाळात आमच्या भाचीने एक नेम धरला होता. कोणी मांसाहार सोडतो, कोणी गोड सोडतो, कोणी रोज क्रुसाची वाट करतो. तिने ठरवले की राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रोज एक चित्र काढायचे. कागद पोस्टकार्डाएवढा, वेळ एक तास, आणि रात्री निजण्यापूर्वी ते पुरे झालेच पाहिजे. ती पुण्यात एका जाहिरात संस्थेत काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या साबणांची आणि बिस्किटांची चित्रे रंगवून थकलेल्या हाताने रोज एक चित्र देवासाठी काढावे, ही कल्पना आम्हांला फार आवडली होती.

एकविसाव्या दिवशी रात्री दहाच्या सुमारास तिचा फोन आला. "मामा, आज काही सुचत नाही. खरे सांगायचे तर चार दिवसांपासून सुचत नाही. नेम मोडू नये म्हणून काहीतरी काढते आहे. पण मन नसताना काढलेले चित्र खोटे नाही का? आणि खोटी वस्तू देवापुढे कशी ठेवायची?"

आम्ही "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवला. उत्तर ठाऊक नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे होते. तीस वर्षे आम्ही सांगलीच्या शाळांतून चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी कित्येक मुले आमच्या हाताखालून गेली. स्मरणचित्राच्या वेळी पेन्सिलीचे टोक चावत बसलेल्या मुलाला आम्ही एकच वाक्य ऐकवायचो : "सुचत नसेल तर समोरची खुर्ची काढ." आणि तेच आम्ही गेली काही वर्षे एक खुर्चीसुद्धा काढलेली नव्हती.

त्याचे निमित्त २०१९ चा महापूर. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरले आणि माळ्यावर हलवायला वेळ न मिळालेले चित्रांचे कपाट बुडाले. पाणी उतरल्यावर ते उघडले तेव्हा जलरंगांची चित्रे एकमेकांना चिकटून त्यांचा एकच मातकट गठ्ठा झाला होता. जलरंगात डिंक असतो, आणि वाळलेला रंग पुन्हा पाण्यात गेला की विरघळतो. हे आम्हीच मुलांना शिकवीत होतो. तैलचित्रे तगली होती, पण मागच्या कापडाला बुरशी धरली. त्या दिवसापासून हातात कुंचला घेतला की वाटे, कशासाठी? हळूहळू आम्ही या 'कशासाठी'ला दुःख हे नाव दिले, आणि त्या नावाच्या आडोशाला आरामात राहू लागलो.

दुःखात हात थांबणे हे पाप नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. कोल्हापूरचे थोर चित्रकार आबालाल रहिमान यांच्याविषयी जुने लोक सांगतात की, त्यांचे आश्रयदाते शाहू छत्रपती १९२२ साली निवर्तले, तेव्हा त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थ तलावाच्या पाण्यात सोडून दिली. आख्यायिका म्हणूनच ही गोष्ट घ्यावी. परंतु ती ऐकताना कोणीही आबालालना आळशी म्हणत नाही. त्यांनी चित्रे पाण्याला दिली. आमची पाण्याने नेली. आणि तरीही आम्ही स्वतःला आबालालांच्या पंक्तीला बसवून घेतले होते! महिन्याभराचा शोक खरा होता. पुढची वर्षे शोकाची होती की भीतीची, हे तपासण्याचे धैर्य आमच्यात नव्हते.

त्या शनिवारी भाची सांगलीला आली आणि आम्ही दोघे औंधला गेलो. तासगाव-विटा मागे टाकून गाडी सातारा जिल्ह्यात शिरली तेव्हा दोन्ही बाजूंची रानं मोकळी पडली होती. यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारले. आज जे सातारा व सांगली जिल्ह्यांत विखुरलेले आहे ते औंध, आटपाडी, कुंडल त्या काळी एकाच छोट्या संस्थानात होते. बाळासाहेबांची ख्याती मुख्यतः सूर्यनमस्कारांची. स्वतः रोज घालीत आणि संस्थानातल्या शाळांतून मुलांकडूनही घालवून घेत. पण हा राजा चित्रकारही होता. १९१६ साली त्यांच्या चित्रांचे 'चित्ररामायण' प्रसिद्ध झाले.

संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रे आहेत, धुरंधरांची आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने दगडात घडवलेली आई आणि मूल आहे. त्या आई-मुलापुढे भाची बराच वेळ उभी राहिली. आमच्या घरात लहानपणापासून मारियामातेच्या कडेवरचे बाळ पाहिलेले. इथे ना प्रभावलय ना निळे वस्त्र, तरी ओळख पटायला वेळ लागला नाही.

मग आम्ही बाळासाहेबांच्या स्वतःच्या चित्रांकडे आलो. आमचे मत स्पष्ट सांगतो. ती रविवर्म्यांच्या तोडीची नाहीत. आकृत्या कुठे अवघडलेल्या, कुठे चेहरे सारखेच. चित्रकलेचा शिक्षक म्हणून आमच्या मनात आपोआप गुण पडू लागले. आणि त्याच क्षणी मनात एक गोष्ट चमकली. ही तुलना त्यांनाही दिसत असणारच. देशोदेशीची उत्तम चित्रे ज्याने हौसेने जमवली, त्याच्या डोळ्याला आपल्या रेषेचे उणेपण कळत नसेल असे कसे म्हणावे? ज्याच्या भिंतीवर रविवर्मा टांगलेला आहे त्याने स्वतः कुंचला हाती घ्यायचा म्हणजे केवढे मन पाहिजे! रविवर्म्यांची बरोबरी झाली नाही तर चित्रच काढायचे नाही, असा हिशेब त्यांनी मांडला नाही. आमची पुरानंतरची सारी वर्षे मात्र याच हिशेबात गेली होती. बुडालेल्या चित्रांइतके चांगले आता होणार नाही, म्हणून नवे नकोच. आता प्रामाणिकपणे आठवू लागलो तर ती बुडालेली चित्रे तरी इतकी कुठे चांगली होती? बुडाल्यावर ती चांगली झाली.

परतीच्या वाटेवर भाचीने आपली पोस्टकार्डे दाखवली. पहिली पंधरा-सोळा पाहून मन प्रसन्न झाले. त्यानंतरची मात्र विचित्र वाटली. हात सफाईदार, रंग झळाळते, पण आधीच्याच एका चांगल्या चित्राची ती पुन्हापुन्हा केलेली नक्कल होती. तेच नारिंगी आकाश, तीच पाठमोरी बाई. आम्ही विचारले, "त्या दिवशी आकाश असे दिसले होते का?" ती म्हणाली, "नाही मामा. त्या दिवशी मी कोरडी होते. पण असे चित्र सगळ्यांना आवडते, हे ठाऊक होते."

तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला इथे सापडले असे वाटते. मन नसताना काढलेले चित्र खोटे नसते. नसलेले मन आहे असे भासवणारे चित्र खोटे असते. कोरड्या दिवसाचे चित्र कोरडे निघाले तर त्यात कसली फसवणूक?

यावर कोणी म्हणेल की मग फर्माईश आली, मुदत आली, की कलावंताने करावे तरी काय? त्यासाठी औंध संस्थानातलेच दुसरे उदाहरण आठवते. माडगूळचे ग. दि. माडगूळकर शाळेची काही वर्षे औंधात शिकले. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले. वर्षभर, आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीते. पहिल्याच गीताची गोष्ट प्रसिद्ध आहे. लिहिलेला कागद सुधीर फडक्यांकडून ऐन वेळी हरवला, आणि केंद्रावरचे सीताकांत लाड यांनी माडगूळकरांना खोलीत कोंडून घातले. पंधरा मिनिटांत गीत पुन्हा तयार झाले, असे सांगतात. ऐकणाऱ्याला यात प्रतिभेचा चमत्कार दिसतो. आम्हांला त्यात माणदेशातल्या जात्यावरच्या ओव्या, कीर्तने, आणि वर्षानुवर्षे घासलेली लेखणी दिसते. पंधरा मिनिटांत जे बाहेर आले ते आत साठलेले होते. भाचीच्या त्या चार दिवसांत आत काही साठलेले नव्हते. तरी तिने भरलेला पोहरा दाखवला.

पोहऱ्याचा दाखला आमचा नव्हे. आविलाची संत तेरेजा हिने आपल्या आत्मचरित्रात प्रार्थनेला बागेच्या शिंपणाची उपमा दिली आहे. पाणी चार प्रकारे मिळते, असे ती म्हणते. विहिरीतून हाताने शेंदून, रहाटाने, ओढ्या-नदीच्या पाटाने आणि पावसाने. पहिल्यात कष्ट फार नि पाणी थोडे. शेवटच्यात कष्ट काहीच नाहीत. स्पेनच्या रुक्ष पठारावर वाढलेल्या त्या बाईची ही उपमा आपल्या आटपाडी-जतच्या शेतकऱ्याला मुंबईच्या पंडितापेक्षा लवकर कळेल. मोट त्याच्या आजोबांनी हाकलेली आहे, टेंभूच्या कालव्याचे पाणी त्याने अलीकडे पाहिले आहे, आणि पावसाची वाट तर तो जन्मभर पाहतो. तेरेजा पुढे विचारते, विहीरच कोरडी असली तर? तिचे म्हणणे असे की माळ्याने आपल्याकडून होईल ते करावे. पाण्यावाचूनही फुले जगवणे धन्याच्या हाती आहे. हे लिहिणारी बाई स्वतः कित्येक वर्षे कोरड्या प्रार्थनेत बसलेली होती. तास संपल्याचे घड्याळ केव्हा वाजते याकडे आपले कान लागलेले असत, हेही तिने न लपवता लिहून ठेवले आहे. संताच्या चरित्रातले आमचे सर्वांत आवडते वाक्य ते हेच.

रोज संध्याकाळी घरोघर जपमाळ होते, तेव्हा आपल्यातल्या कितीजणांचे मन प्रत्येक मण्यावर असते? निम्मे मन चुलीवरच्या भातात, निम्मे उद्याच्या फीमध्ये. म्हणून ती प्रार्थना लबाडी ठरत नाही. लबाडी ठरेल ती शेजारीण आल्यावर डोळे मिटून आवाज चढवला तर.

रोजच्या नेमाचे एक भय मात्र खरे आहे. व्हर्जिनियातील ड्वेन कायझर या चित्रकाराने २००४ साली रोज एक पोस्टकार्डाएवढे तैलचित्र काढण्याचा उपक्रम सुरू केला. २००९ साली जेक पार्कर या चित्रकाराने ऑक्टोबरभर रोज एक शाईचित्र काढण्याची प्रथा घातली. आज जगभरची तरुण मुले असे नेम धरतात. त्यात चांगले पुष्कळ आहे. पण दिवस मोजता मोजता माणूस कधी मोजण्यावरच खूश होऊ लागतो, ते कळत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला परूशी मंदिरात उभा राहून आठवड्याचे आपले दोन उपवास देवाला मोजून दाखवतो. उपवास त्याने केलेच होते. खोटे तो बोलत नव्हता. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. भाचीने नेम मोडू नये म्हणून नक्कल केली, तेव्हा ती चित्रासाठी बसली होती की चाळिसाच्या आकड्यासाठी, हे तिचे तिने ठरवावे. आम्ही तिला विचारले नाही. मामाने सगळेच विचारू नये.

घरी पोहोचल्यावर तिचा त्या दिवसाचा कागद कोराच होता. रात्रीचे नऊ वाजले होते. "काय काढू?" तिने विचारले. तीस वर्षांच्या सवयीने तोंडून निघाले, "समोरची खुर्ची काढ." ती हसली आणि खरोखरच काढू लागली. पुरात एक पाय सुजून वाकडा झालेली आमची ती जुनी लाकडी खुर्ची; पायाखाली चपटा दगड सारलेला. रंग तिने घेतलाच नाही.

ती काढत असताना आम्ही उठून पुरातले कपाट उघडले. चिकटलेला गठ्ठा आम्ही फेकला नव्हता, पाहिलाही नव्हता. सुरी घालून कडा हलक्या हाताने सोडवल्या. रंग गेलेले होतेच. पण कागदावर रंगाखालची शिसपेन्सिलीची रेघ राहिली होती. शिसे पाण्यात विरघळत नाही. हरिपूरचा संगम, घाटाच्या पायऱ्या, एक होडी. सगळे राखाडी, बारीक, जागच्या जागी. एका कागदाच्या मागची बाजू जरा स्वच्छ होती. आम्ही भाचीजवळ दुसरी पेन्सिल मागितली.

"मामा, त्या कागदाला वास येतोय," ती म्हणाली.

"येऊ दे," आम्ही म्हणालो, आणि खुर्चीचा वाकडा पाय काढायला घेतला. तो नीट जमला नाही. खोडरबर कुठे ठेवले आहे ते आम्हांला आठवेना.