कानटोपीचें माप

थंडी जवळ आली कीं आपल्या भगिनी आप्तेष्टांस भेट द्यावयास लोकरीच्या कानटोप्या विणूं लागतात. कांठास एक टांका सुलट, एक उलट घातला म्हणजे टोपी ताणते व डोक्यास धरून राहते. माप तर घ्यावेंच लागत नाहीं. आपल्या माणसांचीं डोकीं हातांस ठाऊक असतात.

आतां यापो येथील टबीथेकडे पाहा (प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय ९). तिनें विधवांसाठीं वस्त्रें केलीं. त्या तिला काय परत देणार होत्या? ती मरण पावली तेव्हां त्यांनीं रडत रडत तींच वस्त्रें पेत्रास दाखविलीं. तिच्या तोंडचा एकहि शब्द शास्त्रांत लिहिलेला नाहीं. मज उपदेशकास हें टोंचतें.

आपल्या मंडळींतील विधवेच्या लेंकराच्या डोक्याचें माप कोणास ठाऊक आहे? या आठवड्यांत तिच्या घरीं जा, आणि जातांना मापाचा दोरा बरोबर न्या.