धूर कोणाचा?

स्टोव्ह म्हटला, की माझ्या पिढीच्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पंप मारून पेटवायचा, फरफरणारा पितळी स्टोव्ह उभा राहतो. म्हणून मागच्या वर्षी सप्टेंबरात मी लेकीकडे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात असताना ती म्हणाली, "बाबा, उद्या स्टोव्ह बघायला जायचंय, तुम्हीही चला," तेव्हा मला ते तासाभराचे काम वाटले. प्रत्यक्षात त्याला पंधरा दिवस लागले, आणि त्यातून निघालेला प्रश्न मला वर्षभर पुरला.

हा स्टोव्ह म्हणजे घर ऊबदार ठेवणारी लाकडाची बिडाची शेगडी. पुढे काचेचे दार, मागून छपराबाहेर जाणारे धुरांडे. लेकीच्या तळघरात तेलावर चालणारी भट्टी आहे. पण तिचा पंखा विजेवर फिरतो. त्याआधीच्या हिवाळ्यात बर्फाच्या वादळात दोन दिवस वीज गेली, आणि नातवंडांना कोट घालून निजवावे लागले. तेव्हा शेगडीची गरज खरी होती, हौस नव्हती.

दुकानात जावयाची नजर सर्वांत मोठ्या शेगडीवर गेली. दुकानदार जाणता होता. त्याने शेगडीची किंमत सांगण्याआधी घर केवढे, भिंती कशा, लाकूड कधी तोडलेले, हे विचारले. मग म्हणाला, "मोठी शेगडी घ्याल, तर खोली लवकर तापेल आणि तुम्ही हवेची झडप लावाल. मग लाकूड जळणार नाही, नुसते धुमसेल. लहान घ्या आणि ती भरभरून जळू द्या." धुमसणाऱ्या लाकडाने धुरांड्यात डांबरासारखी पुटे चढतात आणि एखाद्या दिवशी तीच पेट घेतात, हेही त्याने बजावले. २०२० साली तिकडच्या सरकारने नव्या शेगड्यांच्या धुरातील कणांना ताशी २ ग्रॅमची मर्यादा घातली. चिरलेल्या सरपणावर चाचणी घेतली तर २.५ ग्रॅमची. पण ही मापे प्रयोगशाळेतल्या कोरड्या लाकडाची. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. जाळण्याजोग्या लाकडात ते शेकडा २० च्या आत हवे. त्यासाठी लाकूड चिरून, वरून झाकून, वारा लागेल असे रचून निदान सहा महिने, शक्य तर वर्षभर ठेवावे लागते.

लहान शेगडी घरी आली. लाकूडही आले, पण ते ओले! जावई म्हणाला, "जळेल हळूहळू. धूर काय, धुरांड्यातून वर निघून जाईल."

लेकीच्या घराच्या उताराखाली एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. त्यांना दम्याचा विकार आहे. थंडीतल्या निवांत पहाटे गार, जड हवा सखल भागात साचून राहते आणि वरची ऊबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. अशा वेळी धूर वर निघून जात नाही; तो उतारावरून खाली येतो.

ते ऐकले आणि मला आमची कोकणातली नरकचतुर्दशीची पहाट आठवली. आम्ही भावंडे अंगाला तेल-उटणे लावून, कुडकुडत पाण्याची वाट पाहत ओटीवर बसायचो. परसात चुलाण्यापाशी आई फुंकणी घेऊन बसलेली असायची. पावसाळ्याची ओल लाकडांतून पुरती गेलेली नसे. कढत पाणी आमच्या वाट्याला यायचे, धूर तिच्या. ही वाटणी कोणी ठरवून केली नव्हती. "चूल म्हटली की धूर आलाच," एवढे बोलून घर मोकळे होई. म्हातारपणी तिचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. गरिबांच्या घरी गॅस पोहोचवण्यासाठी उज्ज्वला योजना निघाली २०१६ साली. तेव्हा आई नव्हती.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. अग्नी जसा धुराने, तशी सारी कर्मे दोषाने वेढलेली असतात, हे गीतेच्या अठराव्या अध्यायातले वचन मी कित्येक वेळा समजावून दिले. सहज प्राप्त झालेले कर्म त्यातल्या दोषापायी टाकू नये, असा त्याचा रोख आहे. पण आपण सोयीने त्याची सबब करतो: दोष असायचाच, मग कशाला पाहायचा?

त्या रात्री मला अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आठवला. जिथे धूर तिथे अग्नी, हे सर्वांना पाठ असते. पण उलट म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. नैयायिक सांगतात, अग्नीला ओल्या इंधनाचा संयोग झाला म्हणजे धूर होतो. परीक्षेसाठी घोकलेले हे वाक्य सत्तरीनंतर मला व्हरमाँटच्या लाकडाच्या ढिगापाशी समजले. थोडा धूर कोरड्या लाकडालाही येतो, आणि तेवढ्यापुरते गीतेचे म्हणणे खरेच आहे. पण बराचसा धूर अग्नीचा नसतो; आपल्या घाईचा असतो. तो आपण अग्नीच्या नावावर मांडतो.

हे मी जेवताना बोललो. जावई जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे वर्षभर थांबायचं?" लेक म्हणाली, "थांबू. वीज गेली तरच पेटवू."

ती हे सांगायला खालच्या घरी गेली. बाई म्हणाल्या, "पेटवाल तेव्हा फोन करा, म्हणजे मी खिडक्या लावून घेईन." लेक परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. शेगडी आपली, आणि खिडकी लावायचे कष्ट त्यांचे! ती पुन्हा खाली गेली आणि सांगून आली, की वीज गेली तर त्यांनी वर यायचे, शेगडीजवळची खुर्ची त्यांची.

यंदा दिवाळीच्या आधी लेकीचा फोन आला. लाकडातली ओल मोजण्याचे यंत्र १८ दाखवत होते. शेगडी पेटली होती. "नातवंडं शेकत बसली असतील?" मी विचारले.

"ती आत आहेत. मी अंगणात आहे, बाबा. धुरांडं बघतेय. सुरुवातीला पांढरा धूर होता, आता दिसत नाही."

मी फोन ठेवला. ऊब घरात बसून कळते, धूर पाहायला उठून बाहेर जावे लागते. त्या पहाटे ओटीवरून परसापर्यंतचे अंतर वीस पावलांचे होते. मी ते एकदाही चाललो नाही.