पोथी शिकवावी कशी?

कोणताही ग्रंथ हाती घेतला की आमचे गुरुजी आधी चार गोष्टी विचारीत: अधिकारी कोण, विषय काय, संबंध कोणता आणि प्रयोजन काय? यालाच अनुबंधचतुष्टय म्हणतात. आज आम्ही हाच नियम ख्रिस्ती लोकांच्या ‘नव्या करारा’ला लावून पाहणार आहोत. वारकऱ्यांच्या मासिकात हे कशाला, अशी शंका कोणी घेईल. तर बरं का, प्रश्न एका धर्माच्या पोथीपुरता नाही. ज्या ग्रंथावर मुलाचा जीव जडला आहे, त्या ग्रंथाची घडण त्याला सांगावी की झाकून ठेवावी? जिथे जिथे ख्रिस्ती धर्मविद्या शिकवतात, तिथे नव्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न उभा राहतोच.

आधी विषय. नवा करार हे एक पुस्तक नव्हे, तो 27 लहानमोठ्या ग्रंथांचा संग्रह आहे. भाषा ग्रीक. येशू बोलत ते अरामी; त्यांच्या मूळ बोलीतले थोडेच शब्द त्यात राहिले आहेत. त्यांचे चरित्र सांगणारी शुभवर्तमाने चार: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. संग्रहात ती पहिली लागतात. पण अभ्यासकांच्या मते पौलाची पत्रे त्यांच्याही आधीची, सन 50 च्या सुमारास लिहिली जाऊ लागलेली. मार्काचे शुभवर्तमान सन 70 च्या आसपासचे. म्हणजे भजनाला मंडळी आधी जमली, चरित्र मागून लिहिले गेले! आणि आजच्या 27 ग्रंथांची नेमकी यादी प्रथम दिसते ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथानेसियस यांच्या सन 367 च्या पत्रात.

इथपर्यंत विद्यार्थी आनंदाने ऐकतो. अडचण पुढे आहे. योहानाच्या ग्रंथात एक कथा येते. व्यभिचारात धरलेल्या बाईला लोक येशूंपुढे आणतात. तिला दगडांनी मारावे, असे शास्त्र सांगते. येशू वाकून बोटाने जमिनीवर लिहीत बसतात आणि सांगतात की ज्याने पाप केले नसेल त्याने आधी हात उचलावा. एकेक करून सारे निघून जातात. ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत अशी ही कथा. पण सिनाईच्या मठात सापडलेली पोथी आणि रोमला व्हॅटिकनच्या ग्रंथालयातली पोथी, दोन्ही चौथ्या शतकातल्या, त्यांत ही कथा नाहीच! मार्काच्या शेवटची 12 वचनेही त्यांत नाहीत. तिथे ग्रंथ रिकाम्या कबरीपासून भिऊन पळणाऱ्या बायकांपाशी थांबतो.

आता ज्या मुलाला ही कथा आईने मांडीवर घेऊन सांगितली, त्याला काय सांगायचे? एक गुरुजी गप्प बसतात. मुलगा उद्या दुसरीकडे ऐकतो आणि म्हणतो, “हे लपवले, आणखी काय काय लपवले असेल?” दुसरे गुरुजी ‘तुझी पोथी खोटी’ असे ऐटीत सांगून मोकळे होतात. पहिल्याने मुलावर विश्वास ठेवला नाही, दुसऱ्याने त्याच्यावर माया केली नाही.

आमच्या घरचाच दाखला घ्या. ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले होते. नाथमहाराजांनी शके 1506, म्हणजे सन 1584 मध्ये, प्रतीचे शोधन केले आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. नाथांची श्रद्धा काय उणी होती? श्रद्धा होती म्हणूनच तर त्यांनी ते कष्ट घेतले.

म्हणून आमचे म्हणणे असे की गुरूने दोन प्रश्न वेगळे करून द्यावेत. ही कथा योहानाने लिहिली काय, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर पोथ्या ताडून मिळते. ही कथा माणसाला दयेच्या वाटेला लावते काय, हा दुसरा. त्याचे उत्तर आचरणात मिळते. पहिल्याच्या उत्तराने दुसरा निकालात निघत नाही. पण कथा गोड आहे म्हणून ती मूळचीच, असेही म्हणता येत नाही. इथे विद्यार्थ्याला दुःख होईल. अक्षर न् अक्षर देवाचे मानणाऱ्याला तर फारच होईल. ते दुःख हसण्यावारी नेऊ नये, त्याच्याजवळ बसावे.

आणि विद्यार्थी परधर्माचा असला तर? त्याने पूर्वपक्ष असा मांडावा की ख्रिस्ती माणसाने ऐकून म्हणावे, “होय, आमचे म्हणणे हेच.” तेवढे साधले की तो अधिकारी झाला. मतभेद असतील ते मग सांगावेत.

राहिले प्रयोजन. ग्रंथ शिकून मूल खोटे बोलायला घाबरू लागले आणि दुसऱ्याच्या देव्हाऱ्यापुढे आवाज खाली आणू लागले, तर शिकवणे फळाला आले. अस्तु.