पाहण्याची किंमत

कृती करण्यापूर्वी कर्त्याने किती जाणून घ्यावे, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. अर्धवट माहितीवर घाव घालणे हा अविचार होय. पण पूर्ण खात्री होईपर्यंत हात बांधून बसणे हेही निर्दोष म्हणता येत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न शब्दांत मांडला जातो. कर्करोगावरील किरणोपचारात तो हाडामांसाच्या माणसापुढे उभा राहतो.

फुप्फुसातील गाठ स्थिर नसते. श्वासागणिक ती वरखाली सरकते. श्वासपटलाजवळची गाठ एक-दोन सेंटिमीटरही हलू शकते. झोत चुकू नये म्हणून गाठीभोवतीचा बराच निरोगी भागही त्याखाली घ्यावा लागे. जपानमध्ये साप्पोरो येथील होक्काइडो विद्यापीठात हिरोकी शिराटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस वेगळी वाट काढली. गाठीजवळ सुमारे २ मिलिमीटर व्यासाची सोन्याची गोळी बसवायची, क्ष-किरणांनी सेकंदाला ३० वेळा तिचे स्थान टिपायचे, आणि ती ठरलेल्या जागी असेल तेवढाच वेळ उपचाराचा झोत चालू ठेवायचा. गोळी सरकली की झोत थांबतो.

परंतु हे पाहणे फुकट होत नाही. १८९५ साली राँटजेन यांनी शोधलेले किरण दृष्टी देतात, तशी इजाही करतात. प्रतिमेतील दाणेदारपणा निम्मा करावयाचा तर किरणांची मात्रा साधारण चौपट करावी लागते. शिवाय उपचाराच्या झोतातून विखुरलेले किरण प्रतिमेवर धुके पसरवतात आणि हाडांच्या सावल्या गोळीवर येतात. निरोगी पेशी वाचवण्यासाठी पाहायचे, आणि पाहण्यासाठी त्याच पेशींना झळ लावायची, असा हा पेच आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाची चर्चा करताना एका कृतीचे दोन परिणाम वेगळे केले: एक हेतूतला, दुसरा हेतूबाहेरचा. त्याच ठिकाणी त्यांनी बजावले की, कृती हेतूच्या प्रमाणाबाहेर गेली तर चांगल्या हेतूनेही ती समर्थनीय ठरत नाही. किरणसुरक्षेचे शास्त्रही मात्रा वाजवी रीतीने शक्य तितकी कमी ठेवण्यास सांगते. कोणी म्हणेल, उपचाराची मात्रा एवढी प्रचंड असताना प्रतिमेच्या अल्प मात्रेची चिंता कशाला? ती अल्प असते हे खरे. पण ती गाठीपुरती राहत नाही आणि पुनःपुन्हा पडते. कोवळ्या वयाच्या रुग्णाला तर पुढचे सारे आयुष्य काढायचे असते. उलट, काटकसरीपायी गोळीच दिसेनाशी झाली तर हानी त्याहून मोठी. तेव्हा प्रश्न सर्वांत सुंदर प्रतिमेचा नसून, या निर्णयाला किती स्पष्टता पुरे, एवढाच आहे.

आता कमी मात्रेची प्रतिमा संगणक स्वच्छ करून देतो. हा लाभ खरा आहे. तथापि स्वच्छ प्रतिमा आणि सत्य प्रतिमा एकच असतात असे नाही. दाणे पुसताना एखादी फिकट खूण पुसली जाऊ शकते. असंख्य नमुन्यांवरून शिकलेली प्रणाली मुळात नसलेली कडाही रेखू शकते. धूसर प्रतिमा आपले अज्ञान निदान उघड दाखवते. म्हणून अशी प्रणाली, जिची हालचाल आधीच ठाऊक आहे अशा छातीच्या प्रतिकृतीवर, प्रथम पारखून घेणे हे केवळ तांत्रिक काम नव्हे. ते सत्याशी प्रामाणिक राहण्याचे कर्तव्य आहे.

झोत थांबवण्याची मर्यादा किती अरुंद ठेवावी, हे मात्र शेवटी माणसालाच ठरवावे लागते. ती जितकी अरुंद, तितका वेळ रुग्णाने निश्चल पडून राहायचे. पाहणारा एक आणि पाहण्याची किंमत मोजणारा दुसरा, अशी येथे वाटणी आहे. म्हणून ही किंमत, तिचे कारण आणि तिची मर्यादा रुग्णाला समजेल अशा भाषेत आधी सांगितली जावी, असे आम्हांस वाटते.