विषाद आणि वैराग्य

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव 'अर्जुनविषादयोग'. विषाद म्हणजे मनाचे खचणे, आणि योग म्हणजे जोडणे. खचलेले मन भगवंताशी जोडले जावे कसे, हा प्रश्न गीता उघडताच दारात उभा राहतो. आपण पुष्कळदा तो ओलांडून थेट दुसऱ्या अध्यायातल्या आत्म्याच्या अमरत्वाकडे धावतो. पण ज्याच्या घरात एखादे माणूस खचून बसले आहे, त्याला आधी पहिला अध्यायच वाचावा लागतो.

अर्जुनाला झाले काय? अंग गळाले, तोंडाला कोरड पडली, शरीर कापू लागले, हातचे धनुष्य निसटले, उभे राहवेना, मन भोवंडून गेले. वैद्याने नाडी पाहून लिहावे तसे व्यासांनी हे लिहिले आहे. आणि असा अर्जुन बोलतो काय? राज्य नको, भोग नको, त्यापेक्षा भीक मागून जगणे बरे. ऐकणाराला वाटावे, वाहवा, केवढे हे वैराग्य! भगवंतांना मात्र तसे वाटले नाही. त्यांनी त्याला वैराग्य म्हटले नाही.

सज्जनहो, आजचा प्रश्न हाच आहे. विषाद आणि वैराग्य बाहेरून सारखेच दिसतात. घरातला कर्ता मुलगा जेवणावरून उठतो, कुणाशी बोलत नाही, मळ्याकडे फिरकत नाही, देवळात खांबाला टेकून तासन्‌तास बसतो. गाव म्हणते, "फार विरक्त झाला हो पोरगा, बुवाच झाला जणू!" घरचेही त्यात समाधान मानतात. अन् तो आतल्या आत बुडत असतो. हे नुसते शब्द चुकणे नाही. अशा चुकीने माणूस हातचा जातो.

मग दोन्ही ओळखावीत कशी? विरक्ताची आसक्ती सुटते, पण करुणा वाढते. त्याला स्वतःसाठी काही नको असते, दुसऱ्यासाठी मात्र तो धावतो. खचलेल्याला दुसऱ्याकडे पाहण्याचे बळच राहत नाही. विरक्ताला झोप नको असेल तर भजनासाठी. खचलेला रात्रभर छताकडे पाहतो. विरक्त मृत्यूला भीत नाही. खचलेला मृत्यूची वाट पाहतो. इतका भेद पुरे.

पुष्कळदा कीर्तन संपल्यावर पाया पडणाऱ्यांत एखादा मागे रेंगाळतो. गर्दी सरली की हळूच म्हणतो, "बुवा, गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही, तरी सकाळी उठावंसं वाटत नाही. माझं नाम खोटं का?" नाही बाबा, नाम खोटे नाही आणि तूही खोटा नाहीस. विषाद हे पाप असते, तर भगवंतांनी त्या रथावर गीता सांगितलीच नसती. सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. त्यांत आर्ताचे नाव पहिले, आणि या चौघांनाही भगवंतांनी उदारच म्हटले आहे.

ज्या प्रवरेच्या काठी आमचे संगमनेर वसले, तीच प्रवरा पुढे नेवाशाला जाते. तिथे शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, माउलींनी अर्जुनाच्या याच विषादावर मराठीत निरूपण केले. त्यांचा दृष्टांत सर्वांना ठाऊक आहे. कोरडे लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कमळकळीत अडकून पडतो. भुंग्याचे बळ संपलेले नसते. तेव्हा खचलेल्याला दुबळा म्हणू नये. तो कुठल्या कळीत अडकला आहे ते पाहावे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंत अर्जुनाला आधी फटकारतात: हे तुला शोभत नाही, ऊठ. मग अर्जुन उठला का? नाही. मी लढणार नाही, असे म्हणून तो गप्प झाला. तेव्हा मात्र भगवंत जवळच्या माणसासारखे हसून बोलू लागले आणि अठराव्या अध्यायापर्यंत बोलत राहिले. आपण घरात पहिल्या दोन श्लोकांवरच थांबतो. "काय रडत बसलास, लोकांचं बघ, हिंमत धर," एवढे बोलून कर्तव्य झाले असे समजतो. पुढले अध्याय सांगायला वेळ कुणाला आहे?

आता उपाय. आपल्या संप्रदायात याचे मोठे उदाहरण तुकोबारायांचे. इ. स. 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. व्यापार बुडाला, पत गेली, पहिली पत्नी अन्नान्न करीत गेली, मुलगा गेला. आपल्याला झालेले हे दुःख आणि वाटलेली लाज त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगात लपवलेली नाही. पण पुढचा क्रम बघा. सगळ्यांत आधी त्यांनी काय केले? मोडकळीला आलेले विठ्ठलाचे देऊळ पुन्हा उभारायला घेतले. म्हणजे माती, दगड, हातांचे काम. मग एकादशीला कीर्तन. तेव्हा अभ्यासात चित्त नव्हते, हेही ते सांगतात! मग संतांची वचने पाठ केली. मग पुढे गाणाऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. जमेल तसे शरीर कष्टवून लोकांच्या उपयोगी पडले. आणि कवित्वाची स्फूर्ती? ती या सगळ्याच्या नंतर.

वाचकहो, हा क्रम फार मोलाचा आहे. आपण म्हणतो, मन लागले की करीन. तुकोबाराय सांगतात, मन लागो न लागो, हात लावला. मन मागून आले. आपण म्हणतो, मला काही सुचत नाही. त्यांनी सुचण्याची वाट पाहिली नाही, दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळला. ज्याला स्वतःचे गाणे उरले नाही त्याने मागे उभे राहून टाळ धरावा. टाळकऱ्याला एकट्याने काही पेलावे लागत नाही. पाऊल चुकले तरी दिंडी सांभाळून घेते.

नवल असे की, आजचे शास्त्रही याच वाटेने आले आहे. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत खचलेल्या लोकांसाठी एक उपचार चालवला. डॉक्टर नसलेली, पण शिकवून तयार केलेली साधी माणसे रोग्याशी सहा ते आठ वेळा बसून बोलत आणि त्याच्याकडून लहान लहान, आवडती कामे पुन्हा सुरू करवीत. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात त्याचा निष्कर्ष छापून आला: नेहमीच्या उपचाराला ही जोड दिलेल्यांना अधिक उतार पडला. आधी कृती, मग मन. जोडीला ऐकणारे माणूस.

ऐकणाऱ्या माणसाचे महत्त्व आपल्याला मुक्ताईने शिकवले आहे. ज्ञानोबाराय ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकटी बहीण दाराशी उभी राहून विनवीत राहिली. ताटी आतून उघडते हे खरे, पण बाहेर कुणी उभे असावे लागते. आणि नामदेवराय? 1296 साली माउलींनी आळंदीला समाधी घेतली, त्या वियोगाचे त्यांनी अभंग केले, आणि पुढे थेट पंजाबपर्यंत चालत गेले. त्यांची पदे आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत. शोक गाण्यात ओतला आणि पाय रस्त्याला लावले.

इथे कुणी शंका घेईल: तर मग वारी, नाम, कीर्तन एवढे पुरे, औषध कशाला? उत्तर असे की, मोडलेल्या हाडाला आपण नामही घेतो आणि पट्टीही बांधतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोग वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनीही तो वैद्याच्या कक्षेत धरला होता. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर डॉक्टरकडे जाण्यात भक्तीला उणेपणा नाही. मरणाच्या गोष्टी तोंडी आल्या तर एक दिवसही थांबू नये, आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. 2022 पासून सरकारची 'टेलिमानस' ही सेवा आहे. 14416 या क्रमांकावर फोन केला तर रात्री-अपरात्रीही माणूस बोलतो. सुरू असलेली गोळी बुवाच्या सांगण्यावरून बंद करू नये. असे सांगणाऱ्या बुवाच्या नादी लागू नये, हे मी बुवा असूनच सांगतो.

तात्पर्य, खचलेल्याला विरक्त म्हणून हार घालू नका आणि पापी म्हणून दूषणे देऊ नका. त्याच्या हातात काहीतरी द्या: टाळ द्या, खुरपे द्या, देवळाच्या ओट्याचे सारवण द्या. आमच्या गावात विडी वळणाऱ्या बाया जाणतात, एकटीने बसले की हात जड होतो; चौघींत बसले की सूप कधी रिते झाले कळत नाही. त्याला चौघांत बसवा. बोलला तर ऐका, न बोलला तर नुसते शेजारी बसा.

आणि जो स्वतः या अंधारात आहे त्याने एवढेच करावे: आज पूर्ण अभंग म्हणवत नसेल तर ध्रुपद धरावे. तेही होत नसेल तर टाळ हातात घेऊन मागच्या रांगेत उभे राहावे. पांडुरंगही अठ्ठावीस युगे नुसता उभाच आहे. उभे राहणे ही काही लहान साधना नव्हे.

रामकृष्णहरि.