सरमेचा प्रश्न

महाभारताच्या आरंभी आणि अखेरीस, दोन्हीकडे कुत्रे आहे, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. अखेरचे कुत्रे सर्वांना ठाऊक आहे. स्वर्गाच्या दाराशी आल्यावरही धर्मराज त्याला टाकून आत जायला तयार होत नाही. आदिपर्वातले पिल्लू मात्र आपण विसरून गेलो. जनमेजयाच्या यज्ञाच्या जागी ते येते. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, तिकडे पाहिलेलेही नसते. तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. रडत आलेल्या पिल्लाची आई सरमा तिथे जाऊन विचारते, माझ्या मुलाचा अपराध कोणता? कोणीच उत्तर देत नाही. तेव्हा न दिसणारे भय तुझ्यावर येईल, असा शाप ती राजाला देते.

ही कथा मी पूर्वी अनेकदा वाचली होती. ती कळली मात्र गेल्या वर्षी.

नातीच्या हट्टापायी आमच्याकडे दोन महिन्यांचे पॉमेरेनियन पिल्लू आले. वजन जेमतेम एक किलो. नातीने स्वयंपाकघराच्या दारावर एक कागद चिकटवला. सकाळी ७, दुपारी १२ आणि ४, रात्री ८ असे चार वेळा थोडे थोडे खाणे. झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच अंगणात नेणे. घरात घाण केली तर ओरडू नये. आपण कशासाठी रागावलो ते त्याला कळत नाही. कोचावरून उडी मारू देऊ नये. हाडे नाजूक असतात. लसी पुऱ्या होईपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिन्यांचे होईपर्यंत, रस्त्यावर सोडू नये. कांदा, चॉकलेट, फराळातला बेदाणासुद्धा देऊ नये. कुत्र्याला ते विष आहे. कागद वाचून मी म्हणालो, “अगं, आपल्या देवघरातल्या देवांचेही एवढे सोवळे नाही!”

एके दिवशी घरची मंडळी बाहेरगावी गेली होती. दुपारी शेजारचे अण्णा आले आणि बुद्धिबळाचा डाव रंगला. पिल्लू दोनदा येऊन माझ्या धोतराचा सोगा ओढून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी त्याला उचलून टोपलीत ठेवले आणि दटावले. बाराची वाटी राहिली, चारचीही राहिली. पाच वाजता पाहतो तो पिल्लू गार पडून थरथरत होते. उभे राहू पाही तर पाय लटपटत. जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितले, “हिरड्यांना मध चोळा आणि तसेच घेऊन या.” तिथे शिरेतून ग्लुकोज दिले तेव्हा ते सावरले. इतक्या लहान देहात साखरेचा साठा फार थोडा असतो. काही तास पोट रिकामे राहिले की रक्तातली साखर उतरते आणि जीवही जाऊ शकतो.

माझा हेतू वाईट नव्हता. माणसांच्या न्यायात हेतूला मोठे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या पिल्लाला माझ्या हेतूचा काय उपयोग? रस्त्यावरच्या कुत्र्याला एक घर विसरले तर ते दुसऱ्या घरी जाते. याच्यापुढचे दार मी लावून घेतलेले होते. इतकेच नव्हे, त्याचा तो इवलासा देहही माणसाचीच करणी आहे. त्याचे पूर्वज चांगले थोराड होते. १८८८ साली व्हिक्टोरिया राणीने इटलीत एक लहान चणीचा पॉमेरेनियन घेतला, आणि लहान पॉमेरेनियनांची हौस वाढली. माणसाने निवडून निवडून ही जात लहान केली. ज्याला आपणच असे परस्वाधीन केले, त्याच्या बाबतीत मारणे आणि विसरणे यांतले अंतर फारसे उरत नाही. राजाच्या भावांनी निदान त्या पिल्लाकडे पाहिले तरी होते.

त्या रात्री पिल्लाने माझा हात चाटला. कुत्रे क्षमाशील असते, असे लोक म्हणतात. मला तसे वाटत नाही. क्षमेच्या आधी तक्रार असावी लागते, आणि त्याची तक्रारच नव्हती. त्याची आई आठव्या आठवड्यातच मागे राहिली होती. मला जाब विचारायला कोणी सरमा येणार नव्हती. तिचा प्रश्न मलाच मला विचारावा लागला, आणि यज्ञातल्या त्या राजपुत्रांप्रमाणे माझ्यापाशीही उत्तर नव्हते.

धर्मराजाची कसोटी स्वर्गाच्या दाराशी लागली. समोर साक्षात इंद्र होता. आमची कसोटी दिवसातून चार वेळा लागते आणि पाहायला कोणी नसते. चुकलो तर जगाला कळणार नाही, पिल्लालाही कळणार नाही. म्हणूनच मला वाटते, नातीचा तो कागद दिसतो तितका क्षुल्लक नाही. प्रेमाचा उमाळा येतो आणि जातो; वाटी मात्र उमाळ्याची वाट पाहत नाही.

आता पिल्लू मोठे झाले आहे. दोन वेळा खाल्ले तरी त्याला पुरते. पण घड्याळात बाराचे ठोके पडू लागले की अजूनही छातीत काहीतरी दचकते. हातातला डाव सोडून मी उठतो. अण्णा हसतात. सरमेने सांगितलेले न दिसणारे भय ते हेच असेल, तर ते माझ्यापाशी राहो.