शाळेच्या फाटकापुढचं अंतर

नवरात्र आलं की कोपरखैरणेतलं ऊन एकदम चटके देऊ लागतं. पहाटे हवा गार, दुपारी अंगाची काहिली आणि मधेच एखादी सर. शरद ऋतू चांदण्याचा खरा, पण तो तापाचाही. या दिवसांत वैद्याला उसंत नसते, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. आजही सहामाही परीक्षेच्या तोंडावर वर्गातल्या बाकांवर रिकाम्या जागा दिसू लागतात. कुणाला डेंग्यू, कुणाला मलेरिया, कुणाला नुसताच न उतरणारा ताप.

अशा दिवसांत शाळेत तपासणीला येणाऱ्या सिस्टरचं काम जवळून पाहावं. मुलाची खालची पापणी ती अंगठ्यानं हलकेच ओढते आणि आतला रंग फिकट आहे का, ते बघते. नखं, दात, त्वचा बघते, उंची-वजन लिहिते. मागे रांग असते, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला काही क्षणच येतात. तेवढ्यातही तिला काहीतरी खटकतं आणि ती चिठ्ठी लिहून देते: दवाखान्यात दाखवा. ती चिठ्ठी दप्तरात जाते, डब्याखाली चुरगळते आणि बऱ्याचदा तिथेच राहते.

१९०२ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या शाळांत हाच प्रश्न उभा होता. डॉक्टर मुलांना तपासत, खरूज किंवा डोळ्यांचा आजार दिसला की चिठ्ठी देऊन घरी पाठवत. गरीब आईबापांना त्या कागदाचं काय करायचं ते कळत नसे आणि मुलं घरीच बसत. मग लीना रॉजर्स नावाच्या नर्सला चार शाळांवर नेमलं. ती मुलांमागून त्यांच्या घरी गेली, औषध कसं लावायचं ते आईला दाखवलं. मुलं शाळेत परतू लागली आणि वर्षभरात शहरानं आणखी नर्स नेमल्या. फाटकापासून घरापर्यंतचं अंतर कुणीतरी चालून गेलं, एवढाच तो फरक होता.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून सुरू झाला. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स असं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा जावं, अशी त्याची आखणी. बहुतेक शाळांना स्वतःची नर्स नसते. नागरी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला लसीकरण, गरोदर बाया, तापाचे रुग्ण हे सगळंच सांभाळायचं असतं. प्रत्येक मुलामागे तिनं घरी जावं, ही अपेक्षा कशी करायची? ते अंतर आपणच चालायला हवं.

अंगात ताप असलेलं मूल शाळेत का येतं, याचाही विचार करू. इथल्या कितीतरी घरांतला बाप पहाटेच वाशीच्या बाजार समितीत माल उतरवायला गेलेला असतो, आई कंपनीत किंवा घरकामाला. खाडा झाला की दिवसाचे पैसे गेले. मग सकाळी तापाची गोळी देऊन मुलाला शाळेत धाडलं जातं आणि दुपारी ताप पुन्हा चढतो. त्या आईला दोष देऊन काही साधत नाही. ‘आजच्या दिवस माझ्याकडे ठेव त्याला,’ असं म्हणणारी शेजारीण तिला मिळाली, तर सिस्टरचं निम्मं काम तिथेच होतं.

बाकीचं काम घरोघरी करण्यासारखं आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे मुलं शाळेत असतात त्या वेळीही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याचा पिंप रिकामा करून घासायचा, फ्रिजमागचा ट्रे आणि कुंडीखालची बशी कोरडी करायची. शाळेच्या गच्चीवर आणि आवारातही हेच. ताप आला तर तो कधीपासून आहे, कोणतं औषध किती वाजता दिलं, मुलाला दमा किंवा फिट येतात का, हे बाईंना आणि सिस्टरना खरं खरं सांगायचं. दुखण्यावरची दुसरी गोळी आपल्या मनानं द्यायची नाही. आणि डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, मूल मलूल पडलंय, यातलं एक जरी दिसलं तरी थेट रुग्णालय गाठायचं.

आज संध्याकाळी मुलाचं दप्तर तळापर्यंत उघडून बघू या. चिठ्ठी सापडली, तर उद्याच्या कामांत ती पहिली. आणि शेजारच्या घरात अशी चिठ्ठी पडून असेल, घेऊन जायला कुणाला सवड नसेल, तर आपण म्हणू या, ‘मी नेऊन आणते त्याला.’